नोहाचे तारू आणि अंतकाळ

नोहाचे तारू : बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात (अध्याय 6 ते 9) आलेल्या जलप्रलयकथेतील नौका; तिच्यात नोहा आणि त्याचे कुटुंब पुरातून वाचले. जगाचा शेवट, ख्रिस्ताचे पुनरागमन आणि अखेरचा न्याय यांची पूर्वखूण म्हणून ख्रिस्ती परंपरा ही कथा वाचत आली आहे. मराठीत या प्रतीकाला एक जोड आपसूक मिळाली. तारू, तारणे, तारण, तारणारा हे सगळे शब्द एकाच धातूचे. पुण्यातल्या मराठी उपासनेत मुक्तीला ‘तारण’ आणि ख्रिस्ताला ‘तारणारा’ म्हणतात; त्यामुळे नोहा तारवात गेला एवढे वाचले तरी अर्धा अर्थ सांगून होतो. मूळ हिब्रूत ही जोड नाही. तिथला ‘तेवा’ हा शब्द बायबलात आणखी एकाच वस्तूला वापरला आहे, बाळ मोशेला ज्या पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेवले तिला.

‘जलप्रलय’ हा शब्द मात्र जपून वाचावा लागतो. प्रलय म्हटले की आपल्याला मनू आणि मत्स्यावतार आठवतात, कल्पान्त आठवतो. सृष्टी लयाला जाते आणि पुन्हा उभी राहते. उत्पत्तीतला पूर असा फेऱ्यातला नाही. तो एकदाच आला, आणि पुन्हा असा पूर आणणार नाही असा करार देवाने ढगांत धनुष्य, म्हणजे इंद्रधनुष्य, ठेवून केला. मग जे पुन्हा व्हायचेच नाही ते शेवटाची खूण कसे? उत्तर नव्या करारातल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (3:5–7) आहे : पहिले जग पाण्यात बुडाले, आताचे अग्नीसाठी राखून ठेवले आहे. त्याच अध्यायात विलंबाचे कारणही दिले आहे. देव दिरंगाई करत नाही, कोणाचाही नाश होऊ नये म्हणून तो धीर धरतो. तारू बांधले जात असतानाही देव असाच थांबला होता, असे पेत्राचे पहिले पत्र म्हणते.

प्रतीकाचा गाभा मत्तयाच्या शुभवर्तमानात (24:37–39) आहे. उत्पत्तीत पृथ्वी जुलमाने भरल्याचे सांगितले आहे, पण येशू इथे त्या पापांची यादी देत नाही. नोहाच्या दिवसांत लोक खात होते, पीत होते, लग्ने लावत होते, एवढेच तो सांगतो. युद्धे आणि भूकंप मोजून शेवटाची तारीख काढू पाहणाऱ्यांनी हा उतारा सावकाश वाचावा. त्यात दिवस अगदी नेहमीसारखे आहेत. लगेच पुढे दळणाच्या जात्याचे चित्र येते. दोघी दळत बसल्या असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. ज्यांनी पहाटेचे दळण पाहिले आहे त्यांना हे समजावून द्यावे लागत नाही : समोरासमोर दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि त्यातला एक हात अचानक नाहीसा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले ते साध्या बायकांना कळावे म्हणून. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये निघाला.

‘घेतली’ म्हणजे वाचली की गेली, यावर मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरलेल्या मतानुसार विश्वासणारे संकटाआधीच वर घेतले जातील. त्यांची खूण हनोख, ज्याला पुराआधीच देवाने नेले, आणि संकटातून राखल्या जाणाऱ्या इस्राएलाची खूण नोहा. पण आधीच्याच ओळीत पुराने ज्यांना नेले ते बुडालेले लोक आहेत आणि मागे उरला तो नोहा. संदर्भ पाहता हा दुसरा अर्थ अधिक सरळ वाटतो.

प्राचीन लेखकांनी कथेतल्या बारीकसारीक गोष्टींना अर्थ दिले. तारवातल्या आठ जणांत जस्टिन मार्टरला आठवा दिवस, म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस दिसला. ऑगस्टीनने तारवाच्या बाजूच्या दाराची सांगड ख्रिस्ताच्या कुशीतल्या जखमेशी घातली. ते दार नोहाने लावलेले नाही. परमेश्वराने बाहेरून लावले (7:16). येशूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यातही दार बंद होते, आणि उशिरा आलेल्या बाहेर राहतात. धनुष्य पुन्हा दिसते ते प्रकटीकरणात (4:3), राजासनाभोवती, पाचूसारखे. न्यायाच्या दृश्यांआधी कराराची ती खूण तिथे आहे.

कॅथलिक चर्चमध्ये मत्तयातला हा उतारा तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या ‘अ’ वर्षी आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी वाचतात. ‘पूर येईपर्यंत त्यांना समजले नाही’ हे शब्द पुण्यात निराळे ऐकू येतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अशा आपत्तीला देवाचा न्याय म्हणण्याचा मोह होतो, पण शुभवर्तमान तसे म्हणू देत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशूनेच विचारला, आणि ‘नाही’ हे उत्तरही त्यानेच दिले (लूक 13:4–5).