बेरीज शून्य येणारा पैसा

१ डिसेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने सामान्य ग्राहकांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली, तेव्हा पहिल्या चार शहरांत मुंबई होती. हा रुपया नोटेसारखाच, फक्त मोबाइलमधला. पण पैसा सॉफ्टवेअरमध्ये आला की त्याचे नियमही लिहिता येतात. मग सहकाराला आणि पर्यावरणाला मानवेल असा पैसा लिहायचा झाला तर?

डिजिटल पैसा फार वीज खातो, ही शंका लवकर सुटते. बिटकॉइन या आभासी चलनात व्यवहाराची नोंद पक्की करण्यासाठी जगभरची यंत्रं शर्यत लावून आकडेमोड करतात. इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाच्या जाळ्याने सप्टेंबर २०२२मध्ये ही शर्यत बंद केली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. एकमेकांना ओळखणाऱ्या शे-दोनशे सभासदांना तर साधी सामाईक खातेवही पुरते.

खरी गंमत पैसा जन्मतो कसा, यात आहे. समजा, गिरगावातलं पोळी-भाजी केंद्र, एक शिंपी आणि ओल्या कचऱ्याचं खत करणारा बचत गट एका वहीत आले. सगळ्यांच्या नावावर शून्य. केंद्राने ५००चे अ‍ॅप्रन शिवून घेतले: केंद्र उणे ५००, शिंपी अधिक ५००. शिंप्याने कुंड्यांसाठी २००चं खत घेतलं, गटाने केंद्राकडून २००चे डबे मागवले. आता केंद्र उणे ३००, शिंपी अधिक ३००, गट शून्य. बेरीज कधीही करा, शून्यच. आधी ठेव लागली नाही. काम झालं तेव्हा पैसा आला, फेड झाली की जाईल. स्वित्झर्लंडमध्ये छोट्या उद्योजकांची ‘वीर’ ही व्यवस्था १९३४पासून आहे, तीही अशाच परस्पर पतीतून उभी राहिली. मात्र कुणी मोठी उणे रक्कम ठेवून गायब झाला तर खड्डा सगळ्यांनी भरायचा. म्हणून उणे मर्यादा हा या रचनेचा कणा.

दुसरा नियम साठवणुकीचा. बंदरात माल पडून राहिला की डेमरेज, म्हणजे विलंबाचा आकार लागतो, तसाच पडून राहिलेल्या पैशाला लावायचा. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावात १९३२ साली महापौर उंटरगुगेनबर्गर यांनी हेच केलं: दरमहा १ टक्क्याचं तिकीट चिकटवल्याशिवाय नोट चालत नसे. पैसा भराभर फिरला, गावात कामं निघाली. १९३३मध्ये मध्यवर्ती बँकेने प्रयोग थांबवला.

पर्यावरणवाद्यांना डेमरेज आवडतं, त्यामागे गणित आहे. ७ टक्के व्याजदराने ५० वर्षांनंतरचे १००० रुपये आजच्या जेमतेम ३४ रुपयांइतके भरतात. मग झाड राखण्यापेक्षा तोडणं फायद्याचं दिसतं. घटणाऱ्या पैशात उद्याची किंमत अशी आटत नाही. पण मला इथे खोच दिसते. व्योर्गलला मंदीवर औषध हवं होतं. आज पैसा घाईने खर्च करायला लावला तर खरेदीच वाढेल. त्यापेक्षा डेमरेजची रक्कम दुरुस्ती आणि खताच्या कामांकडे वळवलेली बरी.

उणे मर्यादा किती, डेमरेज किती, हे आकडे अ‍ॅप लिहिणाऱ्याने ठरवले तर त्याला सहकार म्हणता येणार नाही. ते वार्षिक सर्वसाधारण सभेत, एक सभासद एक मत या नियमाने ठरायला हवेत. आता मुंबईत सोसायटीची सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्याच माणसांत उरकली जाते, त्याचं काय करायचं?