दहा रुपयांचं लायसन

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला दिलं, तेव्हा माळा रिकामा करताना आजोबांच्या कागदांत एक चोपडं सापडलं. रेडिओचं लायसन. आतल्या पानांवर फीची तिकिटं चिकटवलेली आणि प्रत्येकावर पोस्टाचा गोल शिक्का. घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, हे माझ्या मुलीला आधी पटेचना. पण 1885चा तार कायदा आणि 1933चा बिनतारी कायदा यांनुसार विनापरवाना रेडिओ बाळगणं हा गुन्हाच होता. दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि तिकीट लावून घ्यायचं. तपासनीस आला तर चोपडं दाखवायचं.

आकाशवाणी आणि दूरदर्शन कोणाच्या पैशावर चालावं, हा वाद आज पुन्हा निघतो तेव्हा मला ते चोपडं आठवतं. त्या वादाचं मूळ तिथेच आहे.

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. ते केंद्र सरकारी नव्हतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती आणि तिचा संसार श्रोत्यांच्या लायसनवर चालायचा होता. वर्षाला दहा रुपये फी, त्यातले आठ कंपनीचे. त्याच काळात इंग्लंडमध्ये बीबीसी ऐकायला दहा शिलिंग पडत. रुपयाचा तेव्हाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे तिथल्या श्रोत्याला हा खर्च पावणेसात रुपयांच्याही आतच. कितीतरी गरीब असलेल्या आपल्या देशातल्या माणसाकडून जास्त पैसे मागितले जात होते. त्यात परदेशी बनावटीच्या सेटची किंमत वेगळी. तीन वर्षांत सगळ्या देशातली लायसन्स आठ हजारांपर्यंतही गेली नाहीत. लायसन न काढता ऐकणारेही होतेच. 1 मार्च 1930 रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

पुढच्या महिन्यात सरकारनं केंद्रं ताब्यात घेतली, पण तोटा पाहून 1931मध्ये तीही बंद करायचं ठरवलं. त्यावर लोकांनी आणि सेट विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी एवढी ओरड केली, की निर्णय मागे घ्यावा लागला. ही घटना माझ्या मते फार मोलाची आहे. श्रोते थोडे होते, पण पैसे भरत होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. 1936मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

मात्र सरकारकडे आल्यावर एक धागा तुटला. बीबीसीच्या श्रोत्याला ठाऊक असे की आपली फी बीबीसीच्या कामासाठी आहे. आपल्याकडे पोस्टानं गोळा केलेली फी सरकारी तिजोरीत जाई आणि रेडिओला काय द्यायचं ते अर्थसंकल्पात ठरे. आजोबांनी पुढे पंधरा रुपये भरले, तेही मुंबई केंद्रासाठी नव्हे, सरकारला. म्हणून 1980च्या दशकाच्या मध्यावर लायसन रद्द झालं तेव्हा ठाण्यात कोणी हळहळलं नाही. पोस्टातली एक खेप वाचली, एवढंच लोकांना वाटलं. आपण काही गमावतो आहोत असं वाटायला ते आधी आपलं वाटायला हवं होतं.

दरम्यान जाहिराती आल्या होत्या. सरकारनंच नेमलेल्या चंदा समितीनं 1966मध्ये दोन गोष्टी सुचवल्या होत्या: रेडिओ आणि टीव्हीला स्वायत्त महामंडळं, आणि जाहिरातींना परवानगी. सरकारनं दुसरी पटकन उचलली. 1 नोव्हेंबर 1967पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या; 1976मध्ये दूरदर्शनवरही. स्वायत्तता मात्र तशीच राहिली. आणीबाणीत रेडिओ सरकारचा भोंगा झाला, त्यानंतर वर्गीज समितीनं 1978मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. तीही कागदावरच राहिली. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा 1990मध्ये झाला आणि अमलात यायला 1997 उजाडलं. मध्ये 1995मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्या ना सरकारच्या ना कंपन्यांच्या.

कायद्यानं महामंडळ झालं, पण त्याच्या पैशाची स्वतंत्र सोय झाली नाही. पगाराचा मोठा भार आजही केंद्राच्या अनुदानावर आहे. यंत्रसामग्रीसाठी 2023च्या जानेवारीत 2,539 कोटींची योजना मंजूर झाली, तीही सरकारकडूनच. ज्याच्या हातात वार्षिक अनुदान, त्याच्याविरुद्धची बातमी किती ठळक द्यायची, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. त्यासाठी कोणी फोन करावा लागत नाही.

मग एवढं करून आकाशवाणी-दूरदर्शन हवंच कशाला, असं विचारणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांना मी चेंदणी कोळीवाड्यात आणि बेलापूरच्या दिवाळे गावात जाऊन विचारा म्हणतो. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आकाशवाणीनं वर्षानुवर्षं सांगितला. होडीवरच्या माणसाला साबण विकून त्यातून नफा काढता येत नाही, म्हणून हे काम दुसरं कोणी अंगावर घेतलं नसतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतली माणसं ‘कामगार सभा’ ऐकत, आया ‘वनिता मंडळ’ ऐकत, आणि वडील दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ पाहत. शेती नसलेल्या आमच्या घरातही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली, मोबाइल मुके झाले. त्या रात्री आमच्या जिन्यात शेजाऱ्यांच्या सेलवरच्या ट्रान्झिस्टरभोवती चार मजल्यांची माणसं बसली होती. कोणाचा मुलगा ऑफिसात अडकलेला, कोणाची सून लोकलमध्ये.

आणि आजही खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. बातम्या द्यायच्याच तर त्यांना आकाशवाणीचंच बातमीपत्र ऐकवावं लागतं. म्हणजे रेडिओवर बातमी हवी असेल तर ठाणेकराला दुसरी वाट नाही, आणि ती एकच वाट दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दारात उभी असते.

लायसन परत आणा असं मी म्हणणार नाही. फ्रान्सनं 2022मध्ये आपली टीव्ही फी रद्द केली. जर्मनीत घरटी वर्गणी चालू आहे आणि ती किती असावी याची शिफारस एक स्वतंत्र आयोग करतो. आपल्यासाठी निदान एवढं तरी व्हावं, की संसदेनं चार-पाच वर्षांचा निधी एकदम आणि कायद्यानं बांधून द्यावा आणि त्याचा हिशेब मंत्रालयाऐवजी संसदेनं मागावा. सेटमागे दहा रुपये भरणाऱ्या श्रोत्याचं 1931मध्ये जेवढं ऐकलं गेलं, तेवढं तरी आज कर भरणाऱ्याचं ऐकायला जागा हवी.