तीन महिन्यांनंतरची तारीख: कॅन्सरमधून उठलेल्यांनी एकमेकांना दिलेल्या आधाराची पार्श्वभूमी

शेवटची केमो किंवा शेवटचं रेडिएशन झालं की फाईलवर पुढची तारीख पडते, बहुतेक वेळा तीन महिन्यांनंतरची. घरात पेढे येतात, नातेवाईक 'सुटलात एकदाचे' म्हणून फोन करतात. पेशंटला मात्र याच दिवसांत सगळ्यात एकटं वाटतं. इतके महिने कोणी ना कोणी रक्त तपासत होतं, जीभ बघत होतं, वजन लिहून घेत होतं. ते सगळं एका दिवसात थांबलेलं असतं. पाठ दुखली की हाडात गेलं का, खोकला आला की फुप्फुसात उतरलं का, अशी शंका येते. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात तारखा जवळजवळच्या असतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन रोखणारी गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं चालते आणि आजार त्यानंतरही परत येऊ शकतो. प्रत्येक तारखेच्या आधी झोप उडते. रिपोर्ट चांगला आला की पुन्हा तीन महिने मिळतात.

या दिवसांत खरी सोबत लागते ती त्याच रांगेतून आधी गेलेल्या माणसाची, हे आता बहुतेक डॉक्टर मान्य करतात. पण ही सोबत रुजली कशी, हे पाहिलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. तिची सुरुवात सांत्वनापेक्षाही अगदी व्यवहारी, शरीराच्या अडचणींतून झाली. सर्जनला जे माहीत नव्हतं ते ऑपरेशन झालेल्या माणसाला माहीत होतं.

सर्वांत बोलकं उदाहरण स्वरयंत्राचं आहे. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कॅन्सरसाठी एका पेशंटचं संपूर्ण स्वरयंत्र काढलं. पुढे ही शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली, माणसं जगू लागली, पण मुकी होऊन. त्यांच्यासाठी एक युक्ती होती. हवा तोंडातून अन्ननलिकेत ओढायची आणि ढेकर देताना सोडतो तशी वर सोडायची. अन्ननलिकेचा वरचा भाग थरथरतो आणि त्या थरथरीवर शब्द उमटतात. हे पुस्तकात लिहिता येतं, डॉक्टरला समजावून सांगता येतं, पण ज्याचं स्वरयंत्र शाबूत आहे त्याच्या तोंडून ते ऐकून पेशंटचा विश्वास कसा बसणार? गळ्याला भोक असलेला माणूस समोर बसून घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव सांगतो, तेव्हा बसतो. अमेरिकेत अशा माणसांचे क्लब शहराशहरांत निघाले आणि १९५२ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली.

आवाज हा त्यातला एक भाग. श्वास गळ्याच्या छिद्रातून चालतो, त्यामुळे तोंडाने फुंकर मारता येत नाही. गरम चहा निवेपर्यंत थांबावं लागतं. नाकातून हवा जात नाही म्हणून वास कळत नाही. गॅस सुटला किंवा दूध करपलं तरी लक्षात येत नाही. आंघोळ करताना छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून डोकं कसं धरायचं, धुळीच्या रस्त्यावर छिद्रावर कापड कसं बांधायचं, या गोष्टी डिस्चार्ज कार्डावर सहसा नसतात. त्या सांगायला तेच भोगलेला माणूस लागतो.

त्याच १९५२ सालची दुसरी गोष्ट न्यूयॉर्कमधली. टेरीज लॅसर या बाईंची स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली. विल्यम हॉलस्टेड या सर्जनच्या पद्धतीने तेव्हा स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. हात वर जात नसे, सुजत असे, आणि ब्लाउजखाली काय घालायचं हे विचारायला कोणी नसे. लॅसर बाईंनी स्वतःचा हात व्यायामाने मोकळा केला आणि मग हॉस्पिटलमध्ये जाऊन नुकत्याच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. बरोबर हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि चेंडू, झंपरात ठेवायला तात्पुरती गादी आणि माहितीची पुस्तिका. काही सर्जन चिडले. पेशंट आमचा, ही बाई कोण, असा त्यांचा सूर होता. पण बायका त्यांची वाट बघत. त्यांनी सुरू केलेलं 'रीच टू रिकव्हरी' हे काम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्यात सामावून घेतलं आणि तिथून ते इतर देशांत गेलं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर मलासाठी पोटावर पिशवी लावून जगणाऱ्यांची गोष्टही याच वाटेने गेली. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रूपर्ट टर्नबुल या सर्जननी नॉर्मा गिल या आपल्या पेशंटलाच १९५८ साली कामावर घेतलं. त्यांना कॅन्सर नव्हता, आतड्याच्या जुनाट आजारामुळे पिशवी लावावी लागली होती. पण पिशवी गळू नये म्हणून काय करायचं, कातडी सोलवटली तर काय लावायचं, हे त्यांना जितकं कळत होतं तितकं वॉर्डात कोणालाच कळत नव्हतं. अशा पिशवीची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या स्टोमा नर्सचा आज जगभर जो व्यवसाय आहे त्याची सुरुवात अशी एका पेशंटपासून झाली. मुंबईतही १९७०च्या दशकात पिशवी लावणाऱ्यांची ऑस्टॉमी असोसिएशन उभी राहिली.

या सगळ्या कामात एक उणीव होती. ते ऑपरेशनभोवती फिरत होतं. ऑपरेशननंतरची वर्षानुवर्षं, म्हणजे तपासण्यांचा, गोळ्यांचा आणि धास्तीचा काळ, कोणाच्याच हिशोबात नव्हता. तो धरला फिट्झ्यू मुलन यांनी. ते स्वतः डॉक्टर. १९७५ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना छातीतल्या कॅन्सरचं निदान झालं. दहा वर्षांनी, जुलै १९८५ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांनी लिहिलं की उपचार आणि बरं होणं अशी दोनच टोकं धरून चालणार नाही. पहिला काळ निदान आणि उपचारांचा. दुसरा, उपचार संपल्यानंतर आजार परत येईल का या भीतीचा आणि थकलेल्या शरीराचा. तिसरा, आजार बहुधा गेला असं म्हणता येतं पण त्याच्या खुणा राहतात तो. बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढायची मोठमोठी तंत्रं आपण शोधली आणि धक्क्यावर आणून त्याला एकट्याला खोकत सोडून दिलं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथे काही मोजकी माणसं जमली आणि त्यातून कॅन्सरमधून वाचलेल्यांची राष्ट्रीय आघाडी तयार झाली. निदान झाल्या दिवसापासून आयुष्यभर माणूस 'सर्व्हायव्हर' असतो, ही तिची भूमिका. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळाल्यासारखं बरं व्हायचं, ही जुनी पद्धत तिने मोडली. माझ्या मते या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण आहे.

मग एक मोठी आशा निर्माण झाली. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये ८६ बायकांचा अभ्यास छापला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला गटात भेटत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. पण २००१ साली कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग नीट करून पाहिला, तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्यांना सुरुवातीला त्रास जास्त होता त्यांची. हे स्वच्छ सांगायला हवं, कारण 'सकारात्मक राहा, बरे व्हाल' असं सांगणारे आजूबाजूला पुष्कळ आहेत आणि ज्याचा आजार उलटतो त्याला आपलंच मन कमी पडलं असं वाटत राहतं. तसं नसतं. सोबतीने गाठ विरघळत नाही. रिपोर्टच्या आदल्या रात्री माणूस एकटा राहत नाही, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ती सोबत हवीच.

आपल्याकडची वाट थोडी निराळी आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि देशभरातून माणसं 'टाटाला' येऊ लागली. १९५१ साली डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. पण पेशंटने पेशंटला आधार देण्यासाठी इथे आधी क्लब काढावा लागला नाही. तो ओपीडीच्या बाकावर, फुटपाथवर आणि धर्मशाळेत मिळत होता. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत पेशंट आणि सोबतची माणसं थोडक्या पैशात राहतात. विदर्भातून आलेली काकू आणि बिहारमधून आलेला भाऊ शेजारी शेजारी राहतात. रेडिएशनने तोंड सोलवटलं की गुळण्या कशाच्या करायच्या, केमोनंतर कोणत्या दिवशी उलट्या जास्त होतात, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं, हे सगळं तिथे एकमेकांकडून कळतं.

पण उपचार संपले की ही सोबतही संपते. काकू वाशीमला जाते, भाऊ दरभंग्याला. गावात कॅन्सर हा शब्द उच्चारायची सोय नसते, मुलीचं लग्न ठरायचं असेल तर मुळीच नसते. तीन महिन्यांच्या तारखेला यायचं तर दोघांचं भाडं, बुडालेली मजुरी आणि मुंबईतला मुक्काम. अंगाला बरं वाटत असलं की तारीख चुकते. म्हणून मुंबईत पुढे जे काम उभं राहिलं ते या तुटलेल्या धाग्यावर होतं. १९९४ साली, स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी व्ही केअर ही संस्था सुरू केली. या आजारातून गेलेले स्वयंसेवक वॉर्डात आणि ओपीडीत जाऊन पेशंटशी बोलू लागले.

लहान मुलांच्या बाबतीत हा विचार आणखी आधी झाला. रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं बरी होऊ लागली होती आणि ती मोठी होणार होती. त्यांच्यासाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ साली उपचार संपलेल्यांचा खास दवाखाना सुरू झाला. काही केमोच्या औषधांचा परिणाम हृदयावर वर्षांनी दिसतो, म्हणून टूडी इको करावा लागतो. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर थायरॉइड बघावं लागतं. वाढ, पाळी, मूल होणं, अभ्यासात लक्ष लागणं, हे सगळं तिथे बघतात. या दवाखान्यात येणारी मुलं तरुण झाली आणि २००९ साली त्यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली 'उगम' हा गट काढला. वॉर्डात सलाईन लावून पडलेल्या पोराच्या आईसमोर वीस वर्षांचा धडधाकट मुलगा येऊन 'मावशी, मलापण हेच होतं' म्हणतो, तेव्हा तिला जे मिळतं ते कोणत्याही समुपदेशकाला देता येणार नाही.

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरने तर उपचार आणि फॉलोअप यांतला फरकच पुसला. १९६० साली फिलाडेल्फियात या पेशंटच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडलं. १९७३ साली जॅनेट रौली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होतं. त्यावर नेम धरून बनवलेल्या गोळीच्या पेशंटवरच्या चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या. सुरुवातीला गोळ्या मोजक्याच बनत होत्या. तेव्हा इंटरनेटवर एकमेकांना भेटलेल्या पेशंटांनी कंपनीकडे उत्पादन वाढवण्यासाठी अर्ज केला आणि त्यावर तीन हजारांहून अधिक सह्या जमल्या. १० मे २००१ रोजी अमेरिकेत इमॅटिनिबला, म्हणजे ग्लिवेकला, मान्यता मिळाली. पूर्वी काही वर्षांत जाणारी माणसं रोज गोळी घेऊन जगू लागली. आता उपचाराला शेवट नव्हता. दर तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर तपासणी करून बिघडलेल्या जनुकाचं प्रमाण किती उतरलं ते बघायचं.

भारतात कंपनीच्या गोळीची किंमत महिन्याला लाखाच्या घरात होती. मॅक्स फाउंडेशन या संस्थेमार्फत ती हजारो पेशंटांना मोफत मिळाली आणि विजी वेंकटेश यांच्या पुढाकाराने मुंबईतून 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा पेशंटांचा गट वाढला. दुसऱ्या बाजूने कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पेटंटविरुद्ध लढली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारणारा निकाल दिला. दोन्ही वाटा पेशंटांच्या बळावर चालल्या. या गटांचा उपयोग कुठे होतो ते लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलच्या २०१० च्या अभ्यासाने दाखवलं. ज्यांच्या दहात एकाहून जास्त गोळ्या चुकत होत्या, त्यांचा आजार नीट आटोक्यात येत नव्हता. पाय दुखतात, डोळे सुजतात, मळमळतं, आणि अंगाला तर काही झालेलं जाणवत नाही. मग गोळी राहते. 'रात्री जेवणाबरोबर घे, जास्त पाणी पी, मलाही पहिलं वर्ष असंच गेलं' हे सांगणारं कोणी असलं की ती राहत नाही.

या सगळ्यात एक मोठी जागा रिकामी आहे. भारतात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त कॅन्सर तोंडाचा, आणि त्यांचे गट सर्वांत कमी. बोलणं अस्पष्ट झालेलं, गाल ओढला गेलेला, आणि वर 'तंबाखू खाल्लीस ना, भोग' हे घरच्यांचं बोलणं; अशा माणसाला चारचौघांत बसावंसं वाटत नाही. खरं तर शिकवण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ असतं. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो. तो उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दुखेपर्यंत ताणायचं, काही दिवसांनी आणखी एक काडी सरकवायची. हा व्यायाम महिनोन्महिने करावा लागतो आणि कंटाळून सोडला तर घासही आत जात नाही. ओपीडीच्या रांगेत एखादा दादा खिशातून रबर लावलेला काड्यांचा जुडगा काढून शेजारच्याला दाखवतो आणि त्याचं तोंड किती उघडतं ते बघतो. फॉलोअपच्या तारखेला अशा दोघांची गाठ पडणं अजून योगायोगावर सोडलेलं आहे. एकाच भागातल्या पेशंटांना एकाच दिवशी बोलावलं आणि जुन्यांना नव्यांशेजारी बसवलं, तरी बरंच काम होईल. त्याला वेगळा निधी लागत नाही, तारखा देणाऱ्या खिडकीवर थोडं लक्ष लागतं.