काजळी दाखवेल तिथेच पटाशी

ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलचा दस्ता दोन तुकड्यांचा. मागचा खांद्याला टेकतो. पुढचा नळीखालून जवळजवळ तिच्या तोंडापर्यंत जातो, तो फोर-एंड. महायुद्धांनंतर या रायफली शिकारीसाठी विकल्या गेल्या, तेव्हा वजन कमी करायला अनेकांनी पुढचं लाकूड सरळ करवतीने कापून टाकलं. आता ब्रिटन-ऑस्ट्रेलियातले हौशी लोक घरच्या घरी तेच पुन्हा घडवतात. बाहेरचा आकार रंधा आणि कानस चालवून लवकर येतो. वेळ खाते ती नळी आणि लोखंडी सांगाडा बसतो ती आतली खाच.

का? या रायफलची .३०३ इंची, सुमारे ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि चारेक किलोची रायफल मागे उसळते. तो धक्का फोर-एंडच्या मागच्या टोकाजवळच्या दोन छोट्या उभ्या पृष्ठांवर येतो. एक पृष्ठ लोखंडाला टेकलंय आणि दुसऱ्यात केसभर फट आहे, असं झालं की सगळा भार एकाच बाजूवर पडून लाकूड तंतूंच्या रेषेत चिरतं. आपल्या बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल कारखान्याने म्हणूनच फोर-एंडमधून आडवा स्क्रू घातला. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याने अक्रोडाऐवजी स्थानिक, मऊ लाकूड वापरलं, तेव्हा या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या.

दुसरी भानगड नळीची. गोळी आत असते जेमतेम सहस्रांश सेकंदभर, पण तेवढ्यात नळी थरथरते. थरथर दर वेळी सारखी असेल तर काही बिघडत नाही. लाकूड आज नळीला बाजूने टेकलं आणि उद्या सुटलं, तर नेम हलतो.

आणि लाकूड हलतंच. पावसाळ्यात दार अडतं, ते उंचीने वाढून नव्हे, रुंदीने फुगून. ओलं काळं अक्रोड पूर्ण वाळताना वाढचक्रांच्या दिशेने ७.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने ५.५ टक्के, लांबीत मात्र टक्क्याचा एखादा दशांश. म्हणजे ४५ मिलिमीटर रुंद फोर-एंडमधला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत अर्धा मिलिमीटर फरक! तंतू तिरके गेलेले असतील, तर सगळा तुकडाच वाकतो. त्यामुळे सुंदर नक्षीदार फळीपेक्षा सरळ रेषांची, कंटाळवाणी फळी मी केव्हाही घेईन. दर आठवड्याला तिचं वजन करायचं. ते घटायचं थांबलं की लाकडाला पटाशी लावायची.

बसवण्याची रीत जुनीच. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, काढून ठेवायचा, हे सांगायला नको. लोखंडाला तेलात कालवलेल्या काजळीचा पातळ हात द्यायचा, लाकडात दाबायचं, उचलायचं. काळा डाग उठला तिथे लाकूड अडतंय, तेवढंच पटाशीने खरवडायचं. असं शंभरदा. अडलेली जागा काढता येते, पण जास्त काढलेलं लाकूड परत येत नाही.

शेवटी जवसाचं तेल, खाचेच्या आतून आणि विशेषतः टोकांना, कारण तंतूंची उघडी तोंडं तिथेच ओल ओढतात. तेल ओल अडवत नाही, तिचा वेग कमी करतं. ते पाण्यासारखं उडूनही जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं जाळं बनतं आणि उष्णता निघते. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर आपोआप पेटू शकतात. त्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवायच्या.