राष्ट्रीय संवाद आणि संविधान सभा: ट्युनिशियात कोणी काय केले

ट्युनिशियातील चार संस्थांच्या गटाला २०१५ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तेव्हापासून एक समज घट्ट बसला, की त्या देशाचे २०१४ सालचे संविधान या चार संस्थांनी घडवले. वस्तुस्थिती तशी नाही. संविधान लिहिले आणि मंजूर केले ते निवडून आलेल्या संविधान सभेने. या चार संस्थांनी चालवला तो ‘राष्ट्रीय संवाद’, म्हणजे राजकीय पक्षांना एका मेजावर आणणाऱ्या वाटाघाटी. २०१३च्या अखेरच्या काही महिन्यांत ही दोन्ही व्यासपीठे एकाच शहरात एकाच वेळी चालू होती, तीच माणसे सकाळी इथे आणि संध्याकाळी तिथे दिसत होती, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण दोहोंचा अधिकार कुठून येतो, हे पाहिले की फरक चटकन ध्यानात येतो.

संविधान सभा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे डॉ. आंबेडकर आणि १९४६ ते १९४९ या काळातील दिल्लीतील सभागृह येते. आपली ती सभा मुख्यतः प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांनी निवडली होती. ट्युनिशियाची सभा मात्र थेट मतदारांनी निवडली. जानेवारी २०११ मध्ये तरुणांच्या क्रांतीमुळे राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला २१७ जागांसाठी मतदान झाले. ‘एन्नाहदा’ या इस्लामी विचारांच्या पक्षाला ८९ जागा मिळाल्या. बहुमत कोणालाच नसल्याने त्याने दोन धर्मनिरपेक्ष पक्षांना बरोबर घेऊन सरकार बनवले. म्हणजे सरकार निवडणे, कायदे करणे आणि संविधान लिहिणे ही तिन्ही कामे एकाच सभागृहाकडे आली. संविधान वर्षभरात पूर्ण होणे अपेक्षित होते, पण वर्ष उलटले तरी ते हाती आले नाही, आणि मुदत संपल्यावर सभेला बसण्याचा हक्क काय, असा सवाल विरोधक उघडपणे करू लागले.

त्यातच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी डाव्या चळवळीतील नेते शुकरी बेलईद यांची हत्या झाली आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. २५ जुलैला, देशाच्या प्रजासत्ताक दिनीच, संविधान सभेचे सदस्य मोहम्मद ब्राहमी यांना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. विरोधी बाकांवरील साठेक सदस्य सभेतून बाहेर पडले, बार्दो येथील सभागृहासमोरच्या चौकात धरणे सुरू झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सभेचे अध्यक्ष मुस्तफा बेन जाफर यांनी तिचे कामकाज स्थगित केले. सर्व कायदेशीर अधिकार असलेली संस्था जागच्या जागी थिजली होती, कारण सदस्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला होता.

ही कोंडी फोडायला जे चौघे पुढे आले, त्यांना मराठीत ‘चौकडी’ म्हणायला जीभ अडखळते, कारण त्या शब्दाला ‘चांडाळ’ आपोआप चिकटतो. अरबीत या गटाला ‘रुबाई’ म्हणतात. चार ओळींच्या कवितेमुळे आपल्या ओळखीचा झालेला शब्दच तो. १९४६ साली स्थापन झालेली कामगार महासंघटना, उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना असे हे चौघे. यांतल्या एकालाही जनतेने मत दिलेले नव्हते. मात्र कामगार महासंघटनेने मनात आणले तर देश बंद पडे, आणि दोन्ही हत्यांनंतर तिने सार्वत्रिक संप करून ते दाखवलेही होते. एरवी पगाराच्या वाटाघाटीत समोरासमोर बसणारे कामगार नेते हुसेन अब्बासी आणि उद्योजकांच्या नेत्या वदाद बूशमावी या वेळी मेजाच्या एकाच बाजूला बसले, याचे वजन पक्षांनाही जाणवले असणार.

५ ऑक्टोबर २०१३ रोजी चौघांनी पक्षनेत्यांसमोर आपला आराखडा ठेवला. त्यात तीन कामे होती: सरकारने राजीनामा देऊन पक्षविरहित सरकारला वाट करून द्यावी, सभेने संविधान ठरल्या मुदतीत पुरे करावे आणि निवडणूक आयोग नेमून निवडणुकांची तारीख ठरवावी. अट एकच होती: आधी सही, मग खुर्ची. सरकारातील भागीदार असलेल्या, राष्ट्राध्यक्ष मुन्सिफ मर्झूकी यांच्या पक्षाने सही नाकारली. इथे आणखी एक फरक दिसतो. सभेत ८९ जागांचे वजन ८९ होते. संवादाच्या मेजावर जागांचा हिशेब चालत नव्हता. ‘निदा तूनिस’ हा पक्ष तर २०११च्या निवडणुकीच्या वेळी जन्मालाही आला नव्हता, तरी तो एन्नाहदाच्या बरोबरीने बसला. हे लोकशाहीला धरून होते का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो पोकळ नव्हता. माझ्या मते त्याचे उत्तर इतकेच, की संवादाने स्वतः एकही कायदा केला नाही.

पंतप्रधानपदाचा घोळ पाहिला की हे स्पष्ट होते. एन्नाहदाने ८८ वर्षांच्या अहमद मेस्तिरींचा आग्रह धरला, विरोधकांनी ७९ वर्षांच्या मोहम्मद एन्नासर यांचा. तरुणांनी केलेल्या क्रांतीचा वारसा कोणत्या आजोबांकडे द्यायचा, यावर नोव्हेंबरच्या आरंभी चर्चा थांबवावी लागली. १४ डिसेंबरला उद्योगमंत्री मेहदी जोमा यांचे नाव निघाले, तेही काही पक्ष मतदानापासून दूर राहिल्यावर. परंतु नाव ठरल्याने जोमा पंतप्रधान झाले नाहीत. निवडणूक आयोगाचे सदस्य आधी संविधान सभेनेच निवडले, मग ९ जानेवारी २०१४ रोजी पंतप्रधान अली लारायेध यांनी राजीनामा दिला आणि महिनाअखेर जोमांच्या सरकारने सभेकडूनच विश्वासमत घेतले. मेजावर ठरलेल्या प्रत्येक गोष्टीला बार्दोचा शिक्का लागला, तेव्हाच ती अंमलात आली.

संविधानाचा मजकूर तर सभेतच घासूनपुसून तयार झाला. जानेवारीत कलमवार मतदान चालू असताना एका सदस्याने दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी शंका घेतली, त्या दुसऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्यानंतर सहाव्या कलमात ‘तकफीर’ला, म्हणजे एखाद्याला धर्मबाह्य ठरवण्याला, बंदी घालण्यात आली. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्यही त्याच कलमात आहे. अशी वाक्ये शब्दाशब्दाला मत मोजणाऱ्या सभागृहातच तयार होतात. २६ जानेवारीच्या रात्री २०० विरुद्ध १२ मतांनी संविधान मंजूर झाले, चौघे तटस्थ राहिले. दोन तृतीयांशांची अट १४५ मतांनी भागली असती.

येमेनमध्ये याच काळात संवाद झाला, पण त्याच्या जोडीला निवडलेली संविधान सभा नव्हती. मार्च २०१३ ते जानेवारी २०१४ या काळात साना येथे ५६५ प्रतिनिधी बसले. स्त्रिया, तरुण, दक्षिणेचे गट, हूथी बंडखोर अशी सर्वांची वर्णी तिथे लागली होती, आणि सर्वसमावेशकतेत हा संवाद ट्युनिशियापेक्षा कितीतरी पुढे होता. त्याचे निष्कर्ष नंतर एका नियुक्त मसुदा समितीकडे गेले. दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी राजधानी ताब्यात घेतली. जानेवारी २०१५ मध्ये, याच संवाद परिषदेचे सरचिटणीस राहिलेले अहमद अवद बिन मुबारक संविधानाच्या मसुद्याच्या बैठकीला निघाले असताना हूथींनी त्यांचे अपहरण केले.

ट्युनिशियातही ‘संवाद’ हा शब्द पुढे वेगळ्याच अर्थाने वापरला गेला. राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी जुलै २०२१ मध्ये संसद गोठवली, पुढच्या मार्चमध्ये ती बरखास्त केली, आणि ‘नव्या प्रजासत्ताका’साठी स्वतःच एक सल्लागार समिती नेमून तिच्यामार्फत राष्ट्रीय संवाद होईल असे जाहीर केले. कामगार महासंघटनेने त्यात बसायला नकार दिला. समितीचे प्रमुख, ज्येष्ठ घटनातज्ज्ञ सादोक बेलईद, यांनी आपला मसुदा अध्यक्षांना सादर केला. पण जूनअखेर राजपत्रात जो मजकूर छापून आला तो आपण दिलेला नव्हे, असे त्यांना चारच दिवसांत जाहीरपणे सांगावे लागले. अध्यक्षांनी त्या छापील मजकुरात काही दुरुस्त्या केल्या, २५ जुलै २०२२ रोजी त्यावर सार्वमत झाले आणि सुमारे तीस टक्के मतदार मतदानाला आले.