८५ प्रश्नांत स्क्रीन बंद झाली म्हणजे पास?

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या परिसरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐका, अमेरिकेच्या एनसीएलईएक्स-पीएनची (तिथल्या प्रॅक्टिकल नर्सच्या परवान्यासाठीची संगणकावरची परीक्षा) तयारी करणाऱ्या पोरी एकमेकींना हेच सांगतात: ८५ला थांबलं की पास, १५०पर्यंत ओढलं की गेलीस.

दोन्ही खोटं.

एप्रिल २०२३ पासूनच्या रचनेत किमान ८५, कमाल १५० प्रश्न आणि पाच तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न साधारण अवघड, चुकलं की सोपा. तुमची पातळी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे अशी ९५ टक्के खात्री पटली, की संगणक थांबतो. ‘किंवा खाली’ हे कुणी सांगतच नाही! ८५ला नापास होणारेही असतातच. उलट १५०पर्यंत गेलेली मुलगी रेषेच्या आसपास असते. तिच्या पातळीचा संगणकाचा शेवटचा अंदाज रेषेच्या वर आला की ती पास.

‘शेवटचा प्रश्न सोपा आला, संपलं सगळं’ हीही अशीच वावडी. पहिल्या ८५मधले १५ प्रश्न नुसते चाचपणीसाठी असतात, त्यांना गुण नाहीत, आणि ते कोणते हे कळत नाही.

या समजाचा खरा तोटा ८६व्या प्रश्नाला होतो. समजा प्रश्न असा: डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या डोसआधी प्रौढ रुग्णाची छातीवर पूर्ण मिनिट मोजलेली नाडी ५२. डोस थांबवून वरिष्ठ नर्सला कळवायचं, हे पाठ असतं. पण ‘आता काय उपयोग’ म्हणत पोरगी भराभर कुठंही क्लिक करत सुटते, आणि मग अंदाज खरंच खाली घसरतो.