आपत्तीकाळातील सहकार्याचे जाळे

पूर, भूकंप किंवा साथ आली की शासकीय यंत्रणा, संस्था आणि गावकरी यांच्यात निरोप, वाहने, माणसे व साहित्य यांची जी ये-जा सुरू होते, तिची वीण म्हणजे हे सहकार्याचे जाळे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कागदावर उतरंड सरळ आहे. प्रत्यक्षात पहिला फोन जातो तो ओळखीच्या माणसाला.

आपत्तीत काम करणाऱ्या गटांची समाजशास्त्रज्ञ रसेल डाइन्स यांनी १९७० मध्ये चार प्रकारांत केलेली विभागणी आजही वापरतात. पोलीस नेहमीचेच काम नेहमीच्या घडीत करतात. रेडक्रॉससारख्या संस्थांचे काम ठरलेले असते, पण संकटात त्यांचा पसारा वाढतो. काहींची घडी जुनी, काम मात्र नवे: वर्गणी गोळा करणारे गणेश मंडळ चारा गोळा करू लागते. चौथा प्रकार कालपर्यंत नसलेल्या गटांचा. हल्ली तो बहुधा व्हॉट्सॲपवर जन्मतो.

सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावे वेढली गेली. लांबोटीजवळ पुण्याचा आणि वडकबाळजवळ विजयपूरचा रस्ता बंद पडला. पूल गेला की जाळेही तिथेच तुटते: रोजचा बाजार ज्या गावाशी, ते गाव पलीकडे राहते आणि मदतीसाठी आपल्याच काठाकडे तोंड फिरवावे लागते. अशा वेळी पोलीस पाटील किंवा दोन्ही काठांवर सोयरिक असलेला एखादा माणूस हा दुवा ठरतो. पद लहान, पण त्याचा फोन बंद पडला तर बोट कुठल्या वस्तीवर न्यायची हे बाहेरून आलेल्या पथकाला सांगणार कोण? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे बोटी असतात, वस्त्यांची नावे नसतात.

पाणी उतरताच वीण बदलते. बाहेरून मदतीचा लोंढा येतो आणि बहुतेक गाड्या रस्त्यालगतच्या गावातच रिकाम्या होतात. आतल्या वस्तीला कडब्याची पेंढी मिळायला उशीर लागतो. मग पंचनामे. गावोगाव पसरलेले धागे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांवर येऊन ठेपतात. (तिघांचीही पदनामे आता बदलली, तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले; गावात मात्र जुनीच नावे चालतात.) मंडळे पुन्हा आपल्या उत्सवांकडे वळतात. व्हॉट्सॲप गट मात्र कुणी मोडत नाही. पुढच्या पावसाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा तिथेच येऊन पडतो.